फुटक्या कपबश्यांची पाटी : घरच्या घरी मोझॅक

हैदराबादेत राहत असाल आणि घरी मोझॅक करून बघायची हौस असेल, तर ट्रूप बाजारात टाइल्स बघायला जाण्याआधी एक सकाळ बादशाही आशूरखान्यासाठी राखून ठेवा. चारमिनारकडून मदिना चौकाकडे येताना पत्थरगट्टीच्या गर्दीत मोहरमच्या शोकविधींची ही वास्तू जरा आत दडलेली आहे. मुहम्मद कुली कुतुबशहाने ती चारमिनारपाठोपाठ, १५९०च्या दशकात उभारली. आतल्या भिंतींवरचं टाइलकाम १६११च्या सुमारास पुरं झालं. मोहरमच्या मिरवणुकीत निघणाऱ्या अलमांचे, म्हणजे निशाणांचे आकार, षटकोनांची जाळी, वेलबुट्टी, सुलेखन, सगळं रंगीत टाइलच्या कापलेल्या तुकड्यांतून. निळा, फिरोजी, पांढरा हे ओळखीचे इराणी रंग आहेत, पण त्यांच्या शेजारी गडद मोहरी पिवळा आणि तपकिरी असे काही ठसठशीत भरलेत की हे काम दख्खनचं आहे हे सांगावं लागत नाही. जागा श्रद्धेची आहे. चपला बाहेर काढा, फोटो विचारून काढा, आणि मोहरमच्या दिवसांत नुसतं बघायला म्हणून जाणं टाळा.

वरचं बघून झालं की नजर भिंतीच्या खालच्या भागाकडे न्या. २८ सप्टेंबर १९०८ला मुसी नदीला महापूर आला, पाणी इथवर चढलं आणि खालच्या टाइल्स गेल्या. पुढे त्या जागी गिलावा करून मूळ नक्षीची नक्कल रंगाने रंगवली. लांबून फरक पटकन कळत नाही, जवळ गेलात की ती पट्टी निस्तेज दिसते. आता विचार करा : भट्टीत भाजलेली, झिलई चढवलेली टाइल पाण्यात विरघळत नाही. सुटते ती तिच्यामागची पकड. माझ्या मते घरच्या मोझॅकचा अर्धा अभ्यास त्या रंगवलेल्या पट्टीसमोर उभं राहून होतो. नवशिके सगळं लक्ष आणि सगळे पैसे टाइलवर घालतात, आणि टाइल ज्यावर बसते, ज्याने चिकटते, ज्याने तिच्या फटी भरतात, त्यात काटकसर करतात. उलटं करा. टाइल फुकट मिळवा, पैसे न दिसणाऱ्या गोष्टींवर घाला.

जुन्या कारागिरांची पद्धतही थोडी समजून घ्यावी. प्रत्येक रंगाची झिलई वेगळ्या आचेवर खुलते, म्हणून एकेका रंगाच्या फरश्या वेगवेगळ्या भाजल्या जात. मग कागदावरच्या नक्षीबरहुकूम त्यांतून पान, पाकळी, अक्षराचं वळण छिन्नीने कापून काढायचं, कडा घासायच्या, तुकडे पालथे घालून जुळवायचे आणि मागून गिलावा ओतायचा. तो घट्ट झाला की अख्खा तक्ता उचलून भिंतीवर बसवायचा. तुकडे एकमेकांना इतके भिडतात की फट जवळपास उरत नाही. बीदरला महमूद गवानच्या मदरशाच्या दर्शनी भागावर १४७२चं असंच काम अजून तुकड्यातुकड्यांनी टिकून आहे. भालकीकडे ज्यांची सोयरीक आहे त्यांना ते वाटेवरच पडतं. बीदरच्याच किल्ल्यातल्या रंगीन महालात तर काळ्या दगडात शिंपले जडवलेत, तेही चुकवू नका.

हे बिनफटीचं काम घरी करायला जाऊ नये. एका पाकळीची कड जुळवण्यात दुपार जाते आणि हातात चुरा उरतो. आपलं मोझॅक फटीचं. दोन तुकड्यांमध्ये दोन-तीन मिलिमीटर जागा सोडायची आणि ती नंतर ग्राउटने भरायची. या फटीमुळेच वेडेवाकडे तुकडे एकत्र नांदतात. आणि चित्राची रेघ म्हणून डोळ्याला जे दिसतं, ती बहुतेक वेळा फटींची ओळ असते.

सुरुवात कशाने करायची? टेबल, कुंडी, स्वयंपाकघराची भिंत यांतलं काही नको. दारावरची नावाची पाटी करा. एक फूट लांब, अर्धा फूट उंच. बाजारात मिळणारी काचेची मोझॅक टाइल २० मिलिमीटरची, म्हणजे पाऊण इंचाहून किंचित मोठी. दोन मिलिमीटर फट धरली तर एवढ्या पाटीला नव्वदेक टाइल्स लागतात. कापताना वाया जातात म्हणून पाव भाग जास्त घ्या. दोन सुट्ट्यांत काम उरकतं, आणि फसलं तरी एवढीशी पाटी नव्याने करायला जिवावर येत नाही.

पाटीचा पाया म्हणून प्लायवूड घ्यायचं तर पाण्याला टिकणारं, ज्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो ते, बारा मिलिमीटर जाडीचं. एमडीएफ स्वस्त आणि गुळगुळीत असतं म्हणून दुकानदार तेच पुढे करतो. घरात, कोरड्या भिंतीवर टांगायच्या चित्राला ते चालेल. दाराबाहेर नको, एका पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात आणि फुगणारी कड पहिल्यांदा ग्राउट फोडते. प्लायच्या दोन्ही बाजूंना आणि चारही कडांना पांढरा सुतारी गोंद चार-पाचपट पाण्यात कालवून एक हात मारा. मागची बाजू कोरडी सोडली तर पाटी एका अंगाने ओल पिते आणि वाकते. दर्शनी बाजूवर सुरीने आडव्याउभ्या चिरा पाडून ठेवा, पकड चांगली बसते.

प्लायपेक्षा सिमेंटचा तक्ता बरा, तो फुगत नाही आणि कुजत नाही. पण हैदराबादेत राहून माझी पहिली पसंती तांडूरच्या फरशीला आहे. इथल्या जुन्या घरांच्या जिन्यांत, अंगणांत ती असतेच, आणि तिची सख्खी बहीण शहाबादी तर मराठवाड्यापासून पुण्यापर्यंत सगळ्यांच्या पायाखालची. फरशीकाम चालू असलेल्या कुठल्याही घराबाहेर तिचे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात. मिस्त्रीला विचारा, ‘हौ, ले जाओ’ म्हणेल. ही फरशी पाण्याने हलत नाही, उन्हाने वाकत नाही. दोष एकच, वजन. दोन सेंटिमीटर जाडीच्या फरशीचा चौरस फूटभर तुकडा पाच किलोच्या घरात जातो. म्हणून ती टेबलासाठी, कुंडीखाली, ओट्यावर भांडं टेकवायला, किंवा दाराशेजारी जमिनीवर टेकवून ठेवायच्या पाटीसाठी. टांगायला प्लाय किंवा सिमेंटचा तक्ता. फरशी घेतलीत तर घासून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. तिचा वरचा थर पापुद्र्यासारखा सुटत असेल तर ती बाजू खाली करा.

आता टाइल्स. दुकानात नुसतं ‘मोझॅक टाइल’ म्हणालात तर तुमच्यापुढे संगमरवरी खड्यांची सिमेंटची फरशी येईल, नाहीतर मोझॅकचं छापील चित्र असलेली मोठी टाइल. ‘ग्लास मोझॅक’ म्हणा किंवा ‘स्विमिंग पूलची टाइल’ म्हणा, लगेच कळतं. ती सुमारे फूटभर चौकोनी तावात येते, जाळीवर किंवा कागदावर चिकटवलेली. कागद कोमट पाण्यात सुटतो. जाळीवरची हाताने सोलावी लागते, आणि पाठीला राहिलेला गोंद खरवडून काढावा लागतो. ट्रूप बाजार आणि सिकंदराबादेतलं राणीगंज इथे ग्राउट, टाइलचा गोंद, पक्कड, सगळं मिळून जातं.

पण फुकटच्या टाइल्स म्हणालो ते विसरलेलो नाही. टाइलच्या दुकानांत जुन्या नमुन्यांचे फलक दरवर्षी बदलतात आणि उतरवलेले नमुने अडगळीत जातात. घराचं काम संपल्यावर प्रत्येकाकडे अर्धी पेटी टाइल पलंगाखाली पडून असते. भिंतीची सिरॅमिक टाइल घ्या, ती मऊ असते आणि हवी तशी तुटते. जमिनीची व्हिट्रिफाइड घेऊ नका, तिच्यापुढे पक्कड हार खाते आणि मनगट दुखून येतं. पाठ बघितली की ओळखू येते : भिंतीच्या टाइलची पाठ लालसर किंवा पांढुरकी, सच्छिद्र, पाण्याचा थेंब पिऊन टाकणारी, व्हिट्रिफाइडवर थेंब तसाच राहतो.

तिसरा साठा तुमच्याच कपाटात आहे. कान तुटलेले कप, टवका उडालेल्या बश्या, सहातल्या चार उरलेल्या सेटमधल्या प्लेटा. चंडीगडच्या रॉक गार्डनमध्ये नेकचंद यांनी फुटकी क्रोकरी, बांगड्या, सॅनिटरीवेअरचे तुकडे वापरून प्राणी-माणसांची फौज उभी केली. बाग १९७६ला लोकांसाठी उघडली. बार्सिलोनाच्या पार्क ग्वेलमधला नागमोडी बाक गौदी आणि त्याचा सहकारी जुजोल यांनी टाकाऊ टाइल आणि चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवला, तो तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या गच्च्यांवर मिस्त्री लोक पांढऱ्या टाइलचे तुकडे बसवत आले ते गळती थांबावी आणि खालची खोली तापू नये म्हणून. तेलंगणाने २०२३मध्ये थंड छपरांचं धोरण आणलं, त्यामागचं तत्त्वही ऊन परतवण्याचंच. गच्ची मात्र स्वतः करू नका. उतार, कोबा, पाणी साठवून घ्यायची चाचणी, ही मिस्त्रीची कामं. तुम्ही त्याच्याकडून उरलेल्या पांढऱ्या तुकड्यांची पिशवी घ्या. पार्श्वभूमी भरायला त्यासारखं काही नाही.

कपबशी वापरताना काठाजवळचा सपाट भाग घ्या. बुडाची गोल कड जाड असते, ती बसत नाही. मेलामाइनची प्लेट अजिबात नको. जुन्या रंगीत भांड्यांच्या झिलईत शिसं असू शकतं, म्हणून त्यांचे तुकडे भिंतीवर आणि पाटीवर लावा, ज्यावर खाणं वाढलं जाईल अशा ट्रेवर नकोत.

आणि बांगड्या. लाड बाजाराच्या गावात राहून काचेच्या बांगडीचा विचार न करणं म्हणजे करंटेपणा. फुटलेल्या बांगडीचे तुकडे आधीच कमानदार असतात. मोराची मान, वेलीचं वळण, आंब्याची कोयरी त्यातून न कापता निघते. पण लाड बाजार ज्यासाठी प्रसिद्ध आहे त्या लाखेच्या बांगड्या इथे चालत नाहीत. निखाऱ्यावर लाख मऊ करून, वळून, ती गरम असतानाच त्यात खडे बसवतात. जी गोष्ट उष्णतेने मऊ होऊन घडते ती एप्रिलच्या उन्हात दारावर राहणार नाही. त्या हातात घाला. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालंय. आरशाचे तुकडे फार सुंदर दिसतात, तरी बाहेर लावताना जपून, कारण सिमेंटमधला ओलावा आणि क्षार मागच्या मुलाम्याला खातात आणि कडेने काळे डाग धरतात. आरसा न्यूट्रल प्रकारच्या सिलिकॉनने चिकटवा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन त्याला मारक आहे.

कापण्याला लोक उगाच घाबरतात. काचेच्या टाइलसाठी दोन चाकांची पक्कड, सिरॅमिकसाठी तिरप्या जबड्याची. दोन्ही परवडत नसतील तर चाकांची घ्या, ती दोन्हीकडे भागवते. टाइल पूर्ण जबड्यात घालायची नाही. फक्त काठाचे दोन-तीन मिलिमीटर चाकांत धरायचे आणि एकदाच, ठामपणे दाबायचं. तडा आपला रस्ता स्वतः काढतो, चाकं ज्या दिशेला रोखलेली त्याच दिशेला. हळूहळू कुरतडत गेलात तर चुरा होतो. बशी फोडायची असेल तर गोणपाटात गुंडाळा आणि हातोडीचा एक ठोका, मग उघडून बघा, मग दुसरा. रागाने फोडलेल्या बशीचा मोझॅक होत नाही, भुगा होतो.

चष्मा लावायचाच. नंबरचा नव्हे, बाजूने बंद असलेला. काचेची किरची उडते ती थेट डोळ्याच्या उंचीवर. मास्कही लावा, सिरॅमिकच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात जाऊन बसते. तुकडे अधूनमधून पाण्यात बुचकळले की धूळ उडत नाही. काम गच्चीवर किंवा बाल्कनीत, खाली जुनी चादर अंथरून करा आणि झाल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्याने टिपून घ्या. लहान मूल आणि मांजर यांना त्या खोलीत दुसऱ्या दिवसापर्यंत प्रवेश नाही. मुलांना सामील करून घ्यायचं असेल तर त्यांना न कापलेल्या अख्ख्या टाइल्स द्या. ठिपक्यांच्या रांगोळीचा कागद अंथरा आणि दर ठिपक्यावर एक टाइल ठेवायला सांगा. चौकोनी टाइल आणि ठिपक्यांची जाळी यांचं गणित आपोआप जमतं.

पाटीवर नाव मराठीत लिहिणार असाल तर देवनागरी मोझॅकला फार अनुकूल आहे. आधी शिरोरेषा बसवा. टाइलचे चार भाग केले की सेंटिमीटरभराचे चौकोन मिळतात; त्यांची एक सरळ ओळ, पट्टीने मोजून. मग अक्षरांचे उभे दंड. हा सांगाडा उभा राहिला की वळणं राहतात तेवढी भरायची. वळणाला चौकोनी तुकडे लावले तर बाहेरच्या बाजूला फटी उघड्या पडतात. तिथे एका बाजूला निमुळते, पाचरीच्या आकाराचे तुकडे लागतात. ‘पाटील’ सुखाने बसतं. ‘कुलकर्णी’ मंडळींनी आधी कागदावर पूर्ण मापाचं रेखाटन करून बघावं. खाली उकार, वर रफार आणि वेलांटी, अर्धा फूट उंची त्यांना पुरत नाही, पाटी आठ इंचांची करावी लागते. इथल्या बऱ्याच मराठी घरांना तेलुगूतही नाव हवं असतं. हवं तर जरूर करा, पण ती लिपी सगळी गोलाईची आहे, मराठी ओळीच्या दुप्पट वेळ धरून चाला.

अक्षरं भरून झाली की पार्श्वभूमीची पहिली ओळ अक्षराच्या कडेला लागून, त्याच्याच वळणाने न्या, आणि मग उरलेली जागा भरा. हा एकच नियम पाळलात तर पाटी हौशी वाटत नाही. तो न पाळता पार्श्वभूमी आडव्या ओळींनी सरळ भरत गेलात तर अक्षरं त्यात अडकल्यासारखी दिसतात.

चिकटवण्याआधी सगळी रचना कोरडी मांडून बघा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फोटो कृष्णधवल करून पाहायची युक्ती फार कामाची. अक्षर आणि पार्श्वभूमी रंगाने वेगळी असली, पण उजळपणाने सारखी असली, तर संध्याकाळच्या प्रकाशात नाव वाचता येत नाही. लाल अक्षरं, हिरवी पार्श्वभूमी ही त्यातली नेहमीची फसगत.

गोंदाचं सरळ आहे. घरात, कोरड्या जागी, प्लायवर पांढरा सुतारी गोंद चालतो आणि तो सावकाश वाळत असल्याने नवशिक्याला तुकडे सरकवायला वेळ देतो. जिथे पाणी, वाफ, ऊन आहे तिथे पॉलिमर असलेला टाइलचा गोंदच हवा; पिशवीवर काचेच्या मोझॅकला आणि बाहेरच्या कामाला चालतो असं लिहिलंय ना, वाचून घ्या. काचेला पांढरा घ्या. करडा घेतलात तर टाइलचा रंग मळकट दिसतो, कारण काचेतून आरपार दिसतं. पांढरं सिमेंट नुसतं पाण्यात कालवून चिकटवण्याची जुनी सवय सोडून द्या, ते आकसतं.

इथल्या हवेत वेळेचं भान ठेवावं लागतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो आणि पसरलेल्या गोंदावर बघता बघता साय धरते. वरून ओला दिसतो, टाइल चिकटल्यासारखी वाटते, आणि महिन्याभराने अख्खी सुटून येते. म्हणून एका वेळी तळहाताएवढ्या जागेतच गोंद पसरा, दोन-तीन मिलिमीटर जाडीचा, आणि बोट लावून बघा. बोटाला लागला नाही तर तो खरवडून टाकून द्या, वरून पाणी मारून ओला करू नका. सकाळी सातला बसा, दहाला उठा. पावसाळ्यात उलटी तऱ्हा, पांढरा गोंद दोन-दोन दिवस वाळत नाही. पंख्याखाली ठेवा आणि धीर धरा. तुकडा दाबल्यावर फटीतून वर आलेला गोंद तिथेच दातकोरणीने काढून टाका. वाळल्यावर तो निघत नाही, आणि जिथे गोंद भरलेला तिथे ग्राउटला जागा मिळत नाही.

कप चार मिलिमीटर, टाइल सात, बांगडी तिसरीच, अशी जाडी कमीजास्त असेल तर पातळ तुकड्याच्या पाठीला जास्त गोंद लावून तो उचलून घ्या. टेबल करणार असाल तर एवढ्याने भागत नाही, पेला डुगडुगतो. तिथे ती आशूरखान्यातलीच पालथी पद्धत वापरा. मैद्याची खळ करा, रेखाटन केलेल्या खाकी कागदावर तुकडे तोंड खाली करून खळीने चिकटवा. पायावर गोंद पसरा, कागदासकट सगळं उलटं टाका, लाकडी ठोकळ्याने हलकं ठोकून सपाट करा. दुसऱ्या दिवशी कागद भिजवून सोलून काढा. वरचा पृष्ठभाग कागदाइतका सपाट निघतो. एवढंच लक्षात ठेवा की चित्र उलटं होतं. मोर डावीकडचा उजवीकडे गेला तर बिघडत नाही. नाव असेल तर रेखाटन आरशात दिसेल तसं काढायला हवं.

चिकटवून चोवीस तास झाले की ग्राउट. तीन मिलिमीटरपर्यंतच्या फटींना बिनवाळूचं, त्याहून रुंद असतील तर वाळू मिसळलेलं. रंगाचा निर्णय घाईने घेऊ नका, टाइल निवडण्याइतकाच तो मोठा आहे. पांढऱ्या ग्राउटमध्ये सगळे रंग फिके पडतात आणि पाटी बाथरूमची वाटू लागते. कोळशी किंवा गडद करडं ग्राउट घातलं की निळा, हिरवा, पिवळा एकदम उठून येतात. चार तुकडे एका फळकुटावर चिकटवून दोन-तीन रंग लावून बघा आणि वाळल्यावरच ठरवा, ओलं ग्राउट नेहमी गडद दिसतं.

पावडरीत पाणी थोडं थोडं घाला. श्रीखंडाइतकं घट्ट हवं, चमच्यावरून ओघळता कामा नये. पाणी जास्त झालं की वाळताना तडे जातात. कालवून पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या, मग पुन्हा ढवळा. रबरी हातमोजे घाला; सिमेंट कातडी खातं, आणि हातमोजा घातलेली बोटंच ग्राउट दाबायला सगळ्यात उत्तम. तिरपं तिरपं फिरवत फटींत दाबत जा. पंधरा-वीस मिनिटांनी टाइल्सवर पांढुरकी साय दिसू लागली की पिळून घट्ट केलेल्या स्पंजाने पुसा. पुसताना घाई झाली की फटींतलं ग्राउट उपसून येतं, उशीर झाला की टाइलवरचं निघत नाही. शेवटी कोरड्या सुती फडक्याने चमकवा. बादलीतलं ग्राउटचं पाणी मोरीत ओतू नका, पाइपात दगड होतो. गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी झाडाखाली नको, अंगणाच्या कडेला टाका आणि गाळ कचऱ्यात.

सिमेंटच्या ग्राउटला ओल हवी असते. दोन-तीन दिवस ओलं फडकं टाकून झाकून ठेवा, उन्हाळ्यात तर नक्कीच. मग पूर्ण वाळल्यावर, आठवड्याभराने, सीलरचा एक हात. साफ करायला ॲसिड कधीही वापरू नका. टाइल चकाकेल, पण फटी पोखरल्या जातील.

तुळशी वृंदावनाची हौस पुष्कळांना असते, आणि मोझॅक त्याला शोभतंही. पण पाटी जमल्यावरच त्याकडे वळा, कारण त्याला रोज पाणी मिळतं, आणि तेही आतून. मातीच्या कुंडीचा किंवा विटांच्या वृंदावनाचा आतला भाग पाणीरोधक लेपाने बंद केला नाही तर ओल भिंतीतून बाहेर येते, सोबत क्षार आणते, आणि ग्राउट मागून ढकलून काढते. बुडाचं भोक मात्र उघडं ठेवा, तुळस कुजायला नको. मातीची कुंडी टाइलच्या गोंदातलंही पाणी शोषून घेते, म्हणून चिकटवण्याआधी तिला प्रायमर लावा किंवा किमान ओलसर करा. गोल पोटाच्या कुंडीवर अख्ख्या टाइल्स बसत नाहीत. सेंटिमीटरचे तुकडे किंवा बांगड्या वापरा.

भाड्याच्या घरात असाल तर भिंतीवर थेट काहीही चिकटवू नका. तक्त्यावर करा, स्क्रूंवर टांगा, सोडून जाताना घेऊन जा. चौरस फुटाचा तयार तक्ता अडीच-तीन किलोपर्यंत भरतो, म्हणजे एका खिळ्यावर भागत नाही. दोन ठिकाणी भोक पाडून प्लग आणि स्क्रू लावा. स्क्रूची भोकं पायाला टाइल लावण्याआधी पाडायची असतात, हे बहुतेकांना शेवटी आठवतं.

दरवर्षी पावसाळा संपला की पाटीवर बोटाच्या पेराने टकटक करत फिरा. भरीव आवाजाच्या मध्ये एखादा पोकळ आला तर तो तुकडा सुटायच्या बेतात आहे. भोवतीचं ग्राउट टोकदार हत्याराने खरवडून तुकडा काढा, खालचा जुना गोंद साफ करा, नवा लावून बसवा आणि फट भरा. त्यासाठी पाटी करतानाच प्रत्येक रंगाचे मूठभर तुकडे आणि घट्ट बांधलेल्या पिशवीत थोडं तेच ग्राउट बाजूला ठेवायला हवं, वर तारीख आणि रंगाचा क्रमांक लिहून. पुढच्या वर्षी दुकानात तीच छटा मिळत नाही.